पाडव्याची फळं कधी कापायची

पाडव्याला आमच्याकडे पुरणाची पंगत दीडच्या आत बसत नाही. उजाडता-उजाडता गुढी उभी राहते, कडुनिंबाचा फुलोरा, गूळ आणि ओवा घालून वाटलेली गोळी सगळ्यांच्या हातावर पडते, चहा होतो. साडेनऊपासून माणसं यायला लागतात. दोन्ही नणंदा लेकराबाळांसकट, चुलत सासरे, बागेतली गडीमाणसं, गल्लीतली मंडळी. पस्तीस-चाळीस तोंडं होतात आणि चूल पुरणात अडकलेली असते. अशा वेळी चिवडा काढला तर पुरणाला कोणी हात लावत नाही, काहीच काढलं नाही तर नणंदा पुढच्या पाडव्यापर्यंत ऐकवतात. म्हणून गेली बारा वर्षं मी ओट्यावर फळं आणि प्यायचं मांडते. पुण्याचा भाचा त्याला ब्रंच म्हणतो. सासूबाई म्हणतात, ‘तोंडाले लावाचं’.

पहिल्या वर्षी मी घात करून ठेवला होता. आमचं गाव विदर्भातल्या वरूड तालुक्यातलं, घरची साडेतीनशे झाडांची संत्र्याची बाग. घरचा माल आहे तर रसच पाजू म्हणून सकाळी सहालाच फोडी मिक्सरमधून फिरवल्या, गाळून दहा लिटर रस स्टीलच्या टाकीत भरला. वरून झाकण, झाकणावर ओलं फडकं. अगदी हुशारीनं. दहा वाजता पहिला पेला चुलत सासऱ्यांना दिला. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि विचारलं, ‘काहून वो सूनबाई, कडुनिंब यातच टाकला का?’

रस कडू झाला होता. संत्र्याची पांढरी साल, फोडीवरचं पातळ आवरण आणि बिया चिरडल्या गेल्या की त्यातला एक घटक रसाच्या आंबटपणात मिसळून हळूहळू बदलतो आणि त्याचं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य होतं. फळ शाबूत असताना ही कडवट चव नसते, रस काढल्या काढल्याही कळत नाही, तासा-दोन तासांनी जिभेवर येते. आपल्या नागपुरी संत्र्यात बिया बऱ्याच, त्यामुळे मिक्सरमध्ये घात ठरलेलाच. त्या दिवशी दहा लिटर रस केळीच्या आळ्यात गेला. त्या वर्षापासून माझा एकच हिशेब आहे: कोणतं फळ किती वाजता कापायचं. आणायचं काय ते बाजार आणि खिसा ठरवतो.

संत्र्यापासून सुरू करते, कारण आमच्याकडे मांडणीचा मान त्यालाच. पाडव्याला असतो तो मृग बहाराचा माल. जून-जुलैच्या फुलांचा, फेब्रुवारीपासून उतरायला लागलेला. दिवाळीच्या आगेमागे येणाऱ्या आंबिया बहारापेक्षा हा गोड. पण मार्चअखेर झाडावर उरलेल्यातलं बरंच पोलं होतं, म्हणजे साल सुटून फुगलेली आणि आतल्या फोडी सुकत चाललेल्या. बाजारात सगळ्यात मोठं आणि सगळ्यात केशरी फळ उचलाल तर नेमकं हेच पदरी पडेल. मध्यम आकाराचं, तळहातावर वजन लागणारं घ्यायचं, दाबलं तर साल खोल जायला नको. वर कुठे हिरवट डाग असला तरी चालतो.

रस आता मी काढत नाही. संत्र्याची पट्टी करते. फळाचा देठाकडचा आणि बुडाचा रुपयाएवढा काप काढायचा. मग सालीला वरून खाली एक उभी चीर द्यायची, सुरीचं टोक फोडीपर्यंत नेऊ नये. दोन्ही अंगठे चिरेत घालून फळ हळूच उलगडायचं. आतल्या फोडी सालीवर ओळीनं उभ्या राहतात, आगगाडीच्या डब्यांसारख्या. आपल्या संत्र्याची साल सैल असते म्हणूनच हे जमतं, मोसंबीवर करायला जाल तर चिंधड्या. चाळीस माणसांना साठ-सत्तर संत्री लागतात. बारा-तेरा वर्षांची पोरं बसवली तर अर्ध्या तासात होतं, फक्त सुरी बोथट द्या. रस हवाच असेल तर फळ आडवं कापून हातयंत्रावर हलक्या हातानं पिळायचं, माणूस समोर उभा असताना. पिळून ठेवायचा नाही.

बेलाचंही असंच. बेलाचा गर पाण्यात तासभर भिजवून हातानं कुस्करायचा आणि चाळणीतून काढायचा. मिक्सर लावला की बिया फुटतात आणि सरबत कडवट होतं. एकदा हात बरबटले तर बरबटले.

टरबूज आणि डांगर गुरुवारच्या बाजारातून येतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज. खानदेशात डांगर मागितलं तर भोपळा हातात देतील. मी लहान असताना माहेरी नदीच्या पात्रात डांगरवाड्या असायच्या, रेतीत चर खणून खत भरायचे आणि वेल रेतीवर सोडायचे. आता बहुतेक माल मल्चिंगच्या, म्हणजे वेलाखाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरचा, ठिबकचा. टरबूज घेताना टिचक्या मारणारे बुवा बरेच असतात, मला त्यातलं फारसं कळत नाही. मी पोट बघते. जिथं ते जमिनीला टेकलेलं असतं तो डाग पिवळा असला पाहिजे, पांढरा असेल तर फळ कोवळं तोडलेलं. देठाजवळचा ताणा वाळलेला असला तर आणखी चांगलं, पण बाजारात येईपर्यंत तो राहिलेला असेलच असं नाही. डांगर मात्र नाकानं घ्यायचं. देठाच्या जागी गोड वास आला तर आज-उद्या खायचं, वास नसेल तर दोन दिवस घरात राहू द्यायचं. म्हणून दोन वासाची आणि दोन बिनवासाची घेते.

चाळीस जणांना चार-चार किलोची तीन टरबुजं पुरतात. सालीत बरंच वजन जातं हे धरून हा आकडा आहे. डांगरं चार, पपया दोन, केळी तीन डझन, द्राक्षं दोन किलो, काकड्या दोन किलो. काकड्या साखरेवाल्या मंडळींसाठी. आमच्या घरात चौघं आहेत आणि चौघंही टरबुजासमोर उभे राहून ‘एकच फोड’ म्हणतात.

टरबूज आधी विहिरीत सोडायचे. जाळीच्या पिशवीत घालून रात्री दोरानं पाण्याखाली सोडलं की सकाळी इतकं गार निघायचं की फ्रीज काय करेल. आता विहिरीला पाणी असलं तर सोडते, नाहीतर रात्री घंगाळात पाण्यात बुडवून ठेवते. कापण्याआधी साल चांगली धुवायची, कारण सुरी सालीवरची माती आत घेऊन जाते. आणि कापायचं दहाच्या पुढे. सकाळी आठला कापलेलं टरबूज दहाला पाणी सोडून बसतं, त्यावर माश्या येतात, आणि मार्चअखेरच्या आमच्या उन्हात कापलेलं फळ उघड्यावर दोन तास ठेवणं पोटाला बरं नाही. दोन टरबुजं दहाला, तिसरं अकराला. तिसरं बहुतेक वेळा पोरं न कापताच पळवतात.

पपई साडेनऊला सोलून ठेवली तर चालते, ती बिघडत नाही. फक्त तिला दुधात किंवा दह्यात घालू नका. पपईतलं पेपेन दुधातली प्रथिनं फोडतं आणि थोड्या वेळात दूध कडू लागतं. एका नणंदेनं ‘फ्रूट कस्टर्ड’ म्हणून हा प्रयोग करून पाहिला आहे, तिचं नाव सांगत नाही. केळी तर कापायचीच नाहीत, फणी तशीच ठेवायची. द्राक्षं आमच्या भागातली नव्हेत, नाशकाकडून येतात. मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून दोनदा साध्या पाण्यानं धुवायची, मग कात्रीनं छोटे-छोटे घोस करायचे. अख्खा घड ठेवला की प्रत्येक जण एक-एक मणी उपटतो आणि शेवटी नुसती काडी उरते.

आता प्यायचं. यात वीज धरायचीच नाही. सणाच्या सकाळी लाइन हमखास जाते, त्यामुळे माझं सगळं माठावर चालतं. विदर्भाची हवा कोरडी, माठातून झिरपलेलं पाणी पटापट वाळतं आणि माठ गार होतो. मुंबईच्या दमट हवेत हेच माठ हात टेकवतात. नवा माठ असेल तर दोन दिवस आधी पाणी भरून ठेवायचा आणि ते पाणी फेकायचं, नाहीतर पन्ह्याला मातीची चव लागते. माठाखाली ओली रेती, अंगाला ओलं धोतर. पाण्याच्या माठात वाळ्याची जुडी टाकली की अर्धी तारीफ तिथंच मिळते.

पन्हं आदल्या दिवशी करायचं. पाडव्याला कैऱ्या लहान असतात, कोय धरलेल्या निवडून घ्या, नाहीतर गरच निघत नाही. मी उकडत नाही, चुलीच्या निखाऱ्यात भाजते. साल काळी पडून फुटली की काढायच्या, गार करून सोलायच्या. दोन किलो कैऱ्यांचा साधारण एक किलो गर निघतो. त्यात दीड किलो गूळ, मीठ, वेलची. हा घट्ट गर रात्री काचेच्या बरणीत ठेवायचा आणि सकाळी चार लिटर माठाचं पाणी घालायचं. अर्धा-अर्धा पेला चाळीस जणांना होतो. एकदा थाट म्हणून पितळी घागरीत पन्हं भरलं. घागरीची कल्हई उडालेली होती हे माझ्या लक्षात आलं नाही, सासूबाईंनी लांबूनच ओरडून थांबवलं. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात कळकतो आणि बाधतो. घागर शोभेला बाजूला ठेवा.

मठ्ठ्याचं विरजण रात्री अकरानंतर लावायचं. उन्हाळ्यात आठला लावलं तर सकाळपर्यंत दही आंबट होऊन बसतं. तीन लिटर दुधाचं दही, पाच लिटर पाणी. आलं, हिरवी मिरची आणि जिरं पाट्यावर वाटून, कोथिंबीर, हिंग, काळं मीठ. जिलेबीशिवाय मठ्ठा आमच्या लग्नात कोणी ओळखतही नाही, पण पाडव्याला जिलेबी आणू नका, पुरणाशी भांडते.

लिंबाच्या सरबतात साखर घालत नाही. होळीपासून घरात गाठ्या साठलेल्या असतात, लेकरांना आलेल्या, गुढीच्या जादाच्या. गाठी म्हणजे नुसती साखरच. पाव किलो गाठ्या रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी पाक तयार. त्यात वीस लिंबं, मीठ, भिजवलेला सबजा. लिंबाची सालं त्यात तरंगत ठेवायची नाहीत, कारण पुन्हा तेच, कडूपणा. बर्फ तालुक्याच्या कारखान्यातून येतो, तो पेल्यात कधीच नाही. मोठ्या घंगाळात बर्फ, त्यात सरबताचं भांडं बसवायचं. पोरांवर नजर ठेवा, ती तो बर्फ चोखतात.

मांडणीचं थोडक्यात. दाराशी पाणी आणि गुळाचे खडे, कारण उन्हातून आलेल्या माणसाला आधी तेच लागतं. मग मठ्ठा आणि पन्हं सावलीत, फळं ओट्यावर, संत्र्याच्या पट्ट्या मधोमध. प्लास्टिकच्या प्लेटांऐवजी पळसाचे द्रोण. पाडव्याच्या सुमारास पळसाला पानं नसतात, नुसती फुलं, त्यामुळे द्रोण बाजारातले वाळक्या पानांचे घ्यावे लागतात. ते पाण्याचा हात फिरवून मऊ करून घ्या, नाहीतर टरबुजाचं पाणी थेट जावयाच्या पांढऱ्या पायजम्यावर. मीठ-मिरीची वाटी दोन ठिकाणी ठेवा. एकाच ठिकाणी ठेवली की तिथं गर्दी होते आणि बाकी ओटा मोकळा राहतो.

बाराच्या ठोक्याला सगळं उचलायचं. हे कठोरपणे करावं लागतं, कारण नणंदा ‘राहू दे नं वहिनी’ म्हणतात आणि पोरं साडेबारापर्यंत पितच राहतात. टरबुजाच्या साली गोठ्यात जातात, गायी वाट पाहत असतात. उरलेलं पन्हं बरणीत, संध्याकाळी बागेतल्या माणसांना. संत्र्याच्या सालींचं सासूबाई काय करतात ते मला आजवर कळलेलं नाही, पण त्या वाळवतात आणि कोणाला हात लावू देत नाहीत. ओटा पुसला की लगेच पोळ्या लाटायला घ्यायच्या.