पहिल्यांदा बंदूक हाताळण्यापूर्वी

बंदूक कधीही हातात न घेतलेल्या माणसाच्या मनात तिच्याविषयी जे चित्र असते, ते बहुतांशी चित्रपटांनी रंगवलेले असते. पडद्यावर गोळी लागलेला माणूस हवेत उडून मागे आदळतो. प्रत्यक्षात तसे घडत असते, तर गोळी झाडणाराही तितक्याच जोराने मागे फेकला गेला असता, कारण गोळीला पुढच्या दिशेने मिळणाऱ्या संवेगाइतका धक्का बंदुकीला मागच्या दिशेने बसतोच. सायलेन्सर लावल्यावरही आवाज नाहीसा होत नाही. तो साधारण 20 ते 30 डेसिबलने कमी होतो, आणि उरतो तो आवाजही चांगलाच मोठा असतो. अशा गैरसमजांसह बंदूक हाती घेण्यापेक्षा आधी यंत्र समजून घ्यावे, नंतर हवेच्या रायफलीवर हात बसवावा आणि त्यापुढेही उत्सुकता टिकली, तरच प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली काडतुसाच्या बंदुकीकडे वळावे. वाचून आणि पाहूनच समाधान झाले, तर तिथेच थांबण्यातही काही कमीपणा नाही.

यंत्र समजायला फारसे अवघड नाही. काडतुसाचे चार भाग असतात: धातूची पुंगळी, तिच्या बुडाशी असलेले प्रज्वलक द्रव्य, आत भरलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की एक टोकदार खीळ पुंगळीच्या बुडावर आपटते, प्रज्वलक पेटतो, दारू जळून तयार झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो आणि नळीच्या आतील पिळदार खाचांमुळे गोळीला फिरकी मिळून तिची दिशा स्थिर राहते. अगदी लहान समजल्या जाणाऱ्या 5.6 मिलिमीटर व्यासाच्या रायफलीची गोळीसुद्धा मोकळ्या जागेत दीड किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकते. म्हणून रिकामे माळरान ही सरावाची जागा ठरत नाही. गोळी अडवणारा भक्कम बांध आणि नियम पाळायला लावणारा अधिकारी असलेली अधिकृत रेंज, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागाच, निवडावी. बंदूक बाळगण्याचे आणि चालवण्याचे कायदे प्रत्येक देशात वेगळे असल्याने परवानगी, वयाची अट आणि लागणारी कागदपत्रे यांची चौकशी रेंजवर आधीच करून ठेवावी.

सुरक्षिततेचे चार नियम जगभर शिकवले जातात आणि ते अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या नावाने ओळखले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानावे. जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवू नये. नळी लक्ष्यावर रोखली जाईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे. आणि लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करून घ्यावी. पाठ करायला हे नियम सोपे आहेत, पण नवशिक्याची खरी परीक्षा गोळी झाडल्यानंतर होते. नेम बरोबर लागला की आनंदाच्या भरात तो मागे उभ्या असलेल्या मित्राकडे वळतो आणि हातातली बंदूकही त्याच्याबरोबर वळते. रायफलीची लांब नळी वळताना निदान दिसते, पिस्तुलाची दिशा मात्र मनगटाच्या जराशा हालचालीने बदलते. म्हणून बोलायचे असेल, ऐकू आले नसेल किंवा काही बिघडले असेल, तर आधी बंदूक लक्ष्याच्या दिशेने ठेवून समोरच्या टेबलावर टेकवावी आणि मगच मान वळवावी.

बंदूक रिकामी करण्याचा क्रमही डोळसपणे समजून घ्यावा. स्वयंचलित भरणी असलेल्या पिस्तुलातून मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढले, तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या खोबणीत, एक काडतूस शिल्लक असू शकते. आधी मॅगझिन काढायचे, नंतर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी तपासायचे. हा क्रम उलटा झाला, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते आणि बंदूक रिकामी झाल्याच्या भ्रमात माणूस भरलेली बंदूक हाताळत राहतो. दुसऱ्याने ‘रिकामी आहे’ असे सांगितले, तरी स्वतः पाहिल्याखेरीज विश्वास ठेवू नये. यात कोणाचा अपमान होत नाही.

सुरुवातीला 10 मीटरवरची हवेची रायफल सर्वांत योग्य ठरते, कारण तिला धक्का जवळजवळ नसतो आणि आवाजही कमी असतो. तिचे छर्रे 4.5 मिलिमीटरचे असतात, तर स्पर्धेच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे श्वास आणि बोट यांच्यावर किती ताबा लागतो हे पहिल्याच सत्रात कळते. मात्र तिला खेळणे समजू नये. तिच्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. काडतुसाच्या बंदुकीकडे वळताना कमी धक्क्याचे शस्त्र मागावे आणि पहिल्या वेळी एकच काडतूस भरण्याची विनंती करावी. स्वयंचलित भरणीचे पिस्तूल पहिल्या गोळीनंतर लगेच पुन्हा सज्ज होते आणि दचकलेले बोट नकळत दुसरी गोळी झाडू शकते. नवख्याला मुद्दाम मोठी बंदूक देऊन गंमत पाहणारे सोबती असतील, तर त्यांना सरळ नकार द्यावा.

बहुतेक बंदुकांचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो आणि एकाच बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून रेंजमध्ये पाऊल टाकण्यापूर्वीच कानांचे व डोळ्यांचे संरक्षण चढवावे. बाहेर उडणाऱ्या पुंगळ्या तापलेल्या असतात. त्यामुळे बंद गळ्याचा शर्ट आणि बंद बूट घालावेत. पिस्तुलावर अंगठा स्लाइडच्या मागे येऊ देऊ नये, कारण ती वेगाने मागे येऊन कातडी सोलते. नेम धरताना नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाजवळच्या नेम धरण्याच्या खुणेवर, स्थिर ठेवावी, लक्ष्य थोडे अंधुक दिसले तरी चालते, आणि चाप झटक्याने न ओढता एकसारखा दाबत जावा.

चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळीत डोकावण्याचा मोह होतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते, म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबावे आणि प्रशिक्षकाला हाक मारावी. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटू शकते.

मद्यपान केलेले असताना, झोप आणणारी औषधे घेतलेली असताना किंवा मन अतिशय खचलेले असताना रेंजवर जाऊच नये. सत्र संपल्यावर काही खाण्यापूर्वी किंवा चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवावेत, कारण बारातून निघालेली शिशाची बारीक धूळ हातांवर आणि कपड्यांवर बसलेली असते. ते कपडे घरातल्या इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.