बागेत आधी बसून बघा

वस्तीतली बाग सुधारायची ठरली की लोक कारंज्यापासून सुरुवात करतात. मी बागांची आखणी करते, आणि माझं पहिलं सांगणं असतं, कारंजं राहू दे, आधी बसून बघा. आहे त्या प्रत्येक बाकावर पंधरा-वीस मिनिटं बसा. तेही सकाळच्या गारव्यात नको, उन्हं कलायच्या आधी, लोक यायला लागतात तेव्हा. कागदावर देखणे दिसणारे किती बाक त्या वेळी तव्यासारखे तापलेले असतात!

दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून सावलीचं झाड बाकाच्या पश्चिमेला हवं. बैठक लाकडी असावी. दगड आणि लोखंड दिवसभर तापतात, थंडीत गारठतात. बैठकीची उंची 45 सेंटिमीटरच्या आसपास, आणि पाठ व हात असलेच पाहिजेत. गुडघे धरलेल्या माणसाला बसण्यापेक्षा उठणं अवघड जातं; हाताला टेकू नसेल तर तो त्या बाकाकडे फिरकत नाही. बाकाच्या पाठीशी झुडूप किंवा भिंत हवी आणि समोर येणारीजाणारी माणसं. पाठीमागून वर्दळ असेल तर निवांत वाटत नाही. बाक एका रांगेत मांडू नका. दोन बाक काटकोनात ठेवलेत की चौघांच्या गप्पा जमतात.

विल्यम व्हाइट या अभ्यासकाने 1970च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांत कॅमेरे लावून माणसं पाहिली. लोक कुठे बसतात? जिथे बसायला जागा आहे तिथे! हसू येतं खरं, पण हे विसरून केलेल्या बागा मी खूप पाहिल्या आहेत. त्याला आणखी एक दिसलं. हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती जराशी सरकवतो, कधी कधी काही गरज नसतानाही. तिथल्याच ब्रायंट पार्कमध्ये एके काळी नशेचा बाजार भरायचा. 1992 मध्ये तो नव्याने उघडला तेव्हा उंच झुडपं काढलेली होती, आत यायच्या वाटा वाढवलेल्या होत्या आणि सुट्या खुर्च्या ठेवल्या होत्या. खुर्च्या चोरीला जातील ही भीती सगळ्यांनाच असते. चार-दोन जातीलही. तरी ठेवा.

झुडपं मांडीपेक्षा उंच वाढू देऊ नका आणि झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर, दोन मीटरपर्यंत छाटा. मधला पट्टा मोकळा राहिला की या टोकाचं त्या टोकाला दिसतं. एकटी बाई संध्याकाळी आत येईल की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं. दिव्यांचंही तसंच. एकच भगभगीत दिवा डोळे दिपवतो आणि त्याच्या पलीकडचा अंधार आणखी गडद करतो. त्यापेक्षा कमी उंचीचे, मंद, पण सलग दिवे बरे. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे.

हिरवळीतून मळलेली वाट दिसली तर तिथे काटेरी तार लावू नका, तिथेच पायवाट करा. लोकांनी तुमचं आखणीचं काम फुकटात केलं आहे. रुंदी 1.8 मीटर ठेवलीत तर चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोरून निघून जातात. चढ असेल तिथे एक मीटर उंचीसाठी निदान बारा मीटर लांबीचा उतार द्या. मोठा पाऊस पडून गेला की एक चक्कर मारा. पाणी साचलेल्या जागा खडूने आखून ठेवा, दुरुस्ती तिथेच करायची आहे.

खेळाच्या जागेबद्दल एवढंच, की झोपाळ्याच्या पुढून-मागून वाट जाऊ नये, खाली वाळू किंवा लाकडाचा भुसा असावा, आणि मुलांवर लक्ष ठेवणाऱ्यांचे बाक सावलीत असावेत. मोठी माणसं कंटाळली की मुलांनाही घरी जावं लागतं.

पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह चालू हवं. कुलूपबंद स्वच्छतागृह तर नसल्याहून वाईट. ‘हे करू नका, ते करू नका’ अशा पाट्या मोजा आणि निम्म्या काढून टाका.

शेवटी झाडांकडे बघा. फरसबंदी बुंध्याला भिडली असेल तर ती उखडा आणि जमेल तेवढी माती मोकळी ठेवा. पायांनी तुडवून घट्ट झालेल्या मातीत पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोचत नाही, झाड वरून सुकायला लागतं. नवं झाड मोठं व्हायला वर्षं लागतात. तोवर तिथल्या बाकावर साधं छप्पर घाला, आणि झाड मात्र याच पावसाळ्यात लावून टाका.