आजोबांना पाणी पाजू नका, आधी घड्याळ बघा

आमच्या कॅज्युअल्टीत सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान लकवा होऊन येणारी म्हातारी माणसं लांबूनच ओळखू येतात. अंगाला तेलाचा वास, ओठाच्या कडेला चहाचा ओघळ, कपाळावर अंगारा. रिक्षातून उतरवता उतरवता नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सिस्टर, आत्ता दहा मिनिटांपूर्वी झालं." दहा मिनिटांत एवढं तेल जिरत नाही हो.

१६ वर्षं हेच बघतेय. आधी राग यायचा, मग हसू यायला लागलं. मग आमच्याच घरी हा प्रकार झाला आणि दोन्ही बंद झालं.

"हात अंगाखाली आला असेल"

मी नाइटला होते. गावी आजोबा, आजी आणि काका. साडेसातला आजी हाक मारायला गेली तर आजोबांचं तोंड वाकडं, उजवा हात लुळा. काका म्हणाले, झोपेत हात अंगाखाली आला असेल. अर्धा तास नारायण तेल चोळलं. मग बशीतून चहा पाजला. निम्मा कडेने बाहेर आला आणि आजोबांना जोराचा ठसका लागला. शेजारचे एकजण आले, "बीपी चढलंय" म्हणून स्वतःची गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवून गेले. जीप मिळून मोठ्या दवाखान्यात पोचायला पावणेदहा वाजले.

डॉक्टरांनी विचारलं, "धडधाकट असे शेवटचे कधी पाहिले?" काका म्हणाले, "रात्री साडेनऊला, जेवून झोपले तेव्हा."

सगळी गोष्ट या उत्तराची आहे. मेंदूतल्या नसेत गुठळी अडकून लकवा झाला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास तोंड वाकडं दिसल्यापासून नाही, माणूस ठणठणीत दिसला त्या शेवटच्या क्षणापासून मोजतात. रात्री साडेनऊपासून धरले तर बारा तास उलटले होते. इंजेक्शनचा विषय तिथेच संपला.

तिसऱ्या दिवशी दूधवाला चौकशीला आला. म्हणाला, "सव्वासहाला माझ्याकडून दूध घेतलं की त्यांनी. वीस रुपये परत दिले, ते मोजून खिशात टाकले." म्हणजे आजोबा उठले होते, दूध घेतलं होतं आणि पुन्हा आडवे झाले होते. दुधाचं भरलेलं पातेलं सकाळपासून ओट्यावर होतं. ते कोणी भरलं, हा प्रश्न घरात कोणालाच पडला नाही. सव्वासहापासून मोजलं तर पावणेअकरापर्यंत वेळ होता. इंजेक्शन मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही ना हे बघून, बीपी आणि साखर बघूनच ते देतात. पण एक तास हातात होता आणि तो आम्ही स्वतःच्या तोंडाने नाही म्हणून टाकला.

चहा फुप्फुसात गेला होता. चौथ्या दिवशी न्यूमोनिया. आजोबा त्यातून उठले, पुढे तीन वर्षं काढली, पण सुटे पैसे मोजायला डावा हात वापरायचे आणि चुकले की चिडायचे.

तेव्हापासून माझी सवय अशी. काही वेगळं दिसलं की बॉलपेनने मनगटावर वेळ लिहायची. कागदावर नाही, कागद हरवतो. मग तीन गोष्टी: हसायला सांगायचं, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगायचं, आणि "विठ्ठल विठ्ठल" म्हणायला लावायचं. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात खाली आला किंवा जीभ अडखळली, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. त्यानंतर तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, बीपीची गोळी नाही, अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. झापड येत असेल तर कुशीवर वळवायचं. गाडी येईपर्यंत घरातल्या एकाने फक्त एवढंच शोधायचं, की यांच्याशी शेवटचं नीट बोललं कोण. दूधवाला, पेपरवाला, देवळातले मित्र, सगळ्यांना विचारा.

आणि एक काम आजच करून ठेवा. जवळच्या दवाखान्यांना फोन करून विचारा, रात्री सीटी स्कॅन चालू असतो का आणि लकव्याचं इंजेक्शन देता का. "जवळचा दवाखाना" आणि "योग्य दवाखाना" यांच्यात पळापळ करताना निम्मा वेळ जातो.

एकादशी आणि साखरेची गोळी

माझी दुसरी दुखरी नस. आजी उपाशी, पण मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर घेतलेली. अकरा वाजता दरदरून घाम, हातापायाला कंप, काहीतरी असंबद्ध बडबड. घरचे म्हणतात वात झाला, नाहीतर बाहेरचं काही. घरात ग्लुकोमीटर असतो, पण त्याच्या पट्ट्या दोन वर्षांपूर्वी संपलेल्या. बीपीचं मशीन मात्र पाच-पाच वेळा लावून होतं.

मधुमेही माणूस असा वागला तर आधी साखर बघा. ७०च्या खाली म्हणजे कमी. मशीन नसेल तर कमीच आहे असं धरा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, गरज पडली तर पुन्हा साखर. "उपास मोडेल" म्हणणाऱ्या आजींना मी सांगते, साखर उपासाला चालते. बेशुद्ध असेल तर तोंडात कणभरही नको, थेट दवाखाना.

खरी चूक पुढे आहे. साखर पाजली, आजी उठून बसली, नातवाला रागावली, की सगळे निवांत. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि म्हाताऱ्या किडनीत आणखी रेंगाळतो. दुपारी बरी झालेली आजी संध्याकाळी झोपेत पुन्हा खाली जाते आणि घरच्यांना वाटतं, दमली बिचारी. बरं वाटलं तरी जेवू घाला आणि त्याच दिवशी दाखवून आणा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

छातीत जळजळ म्हणून सोडा पाजणं. म्हाताऱ्या, त्यातून मधुमेही माणसाचा हार्ट अटॅक छातीत दुखल्याशिवायही येतो. नुसता गार घाम, धाप, मळमळ. ढेकर आली म्हणजे हृदय सुटलं असं नाही.

पडल्यावर "उठा बघू, दोन पावलं टाका." एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड गेलंय. चालवू नका, चोळू तर अजिबात नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर टेंगूळ लहान आहे म्हणून थांबू नका.

आकडीचा झटका आला की कांदा, चप्पल, किल्ल्या. काही नको. कुशीवर वळवा, दातात बोटं घालू नका, किती मिनिटं चाललं ते बघा.

मोबाइलवर रील बघून तयार झालेले नातू. श्वास चालू असलेल्या आजोबांच्या छातीवर हे बसतात. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि श्वासही नीट नाही, तेव्हाच छाती दाबायची: मधोमध, जोरात, मिनिटाला १०० ते १२०. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्या की! पण नाही, यांना तीस सेकंदांत सगळं हवं.

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणणं. यावर मी काही लिहीत नाही.

पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल. तो डोळ्यांचा डॉक्टर आहे.

औषधांची "ती पांढरी गोळी, सकाळची". सगळ्या पट्ट्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगा, आधार कार्डाची झेरॉक्स त्यातच. वय ७० किंवा जास्त असेल तर सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवा. २०२४च्या ऑक्टोबरपासून ते मिळतंय.

आणि बाथरूमची आतली कडी. दार आत उघडणारं, म्हातारं माणूस दारालाच आडवं पडलेलं, बाहेर सगळे दार ढकलतायत, असं मी तीनदा ऐकलंय. आमच्याकडची कडी मी गेल्या दिवाळीत काढून टाकली. आईला ते काही पटलेलं नाही. आत गेली की भरलेली बादली दाराला लावून ठेवते. आता बादलीचं काय करायचं ते बघतेय.