घरचा साबण घाऊक विकताय? या चुका टाळा

१ किलोचा घाणा छान जमतो म्हणून २० किलोचाही जमेल असं नाही. ओळखीत दिलेली एखादी वडी मऊ निघाली तर चालून जातं. दुकानदाराला दिलेल्या २०० वड्यांत मात्र तेवढी एकच त्याच्या लक्षात राहते.

प्रदर्शनातला भाव दुकानाला लावणं
समजा १०० ग्रॅमच्या वडीला तेलं, कॉस्टिक सोडा आणि सुगंध मिळून ३० रुपये लागतात, खोका-लेबल १०, मजुरी १२, भाडं, वीज आणि वाया गेलेला माल ८. झाले ६०. एमआरपी १०० आणि दुकानदाराचे ४० टक्के धरले तर हातात ६०च येतात. जीएसटी नोंदणी असेल तर त्यातूनच करही जातो (साबणवडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के). म्हणजे प्रत्येक वडीला जवळपास ३ रुपये पदरचे. एमआरपी १८० ठेवली तर कर वजा जाता साधारण १०३ उरतात. गिऱ्हाईक तेवढे देणार नसेल तर पाककृती स्वस्त करा. स्वतःची मजुरी हिशेबातून गाळून भाव जुळवू नका.

जुन्या अंदाजाने कॉस्टिक घालणं
तेल बदललं की कॉस्टिक सोड्याचा हिशेब नव्याने करायचा. खोबरेल ४०० ग्रॅम, ऑलिव्ह ५५० आणि एरंडेल ५० घेतलं, तर सगळ्या तेलाचा साबण व्हायला सुमारे १५४ ग्रॅम सोडा लागतो. ५ टक्के तेल मोकळं ठेवायचं, म्हणजेच सुपरफॅट, तर १४६ ग्रॅम.

घाऊकात खरी गडबड होते ती गोणीची. पावसाळ्यात तोंड उघडं राहिलं की सोडा हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. ताकद १० टक्के घटली तर काट्यावर १४६ ग्रॅम दिसले तरी काम १३१ ग्रॅमचंच होतं, आणि सुपरफॅट ५ वरून १५ टक्क्यांच्या आसपास जातं. वडी मऊ राहते, फेस बसतो, महिन्या-दोन महिन्यांत खवट वास येतो, आणि दोष तेलाला दिला जातो. गोणी फोडली की त्याच दिवशी सोडा ५-५ किलोच्या घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यांत भरा. गठ्ठे झालेला सोडा साबणात नको. आणि घाणा कितीही मोठा असो, सोडाच पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको.

मोठा साचा गोधडीत गुंडाळणं
१ किलोला ऊब द्यावी लागते. १० किलोचा ठोकळा स्वतःच तापतो. आत उष्णता कोंडली की वर भेग पडते, कापल्यावर मध्ये गडद वर्तुळ दिसतं, आणि दूध, मध किंवा गूळ असेल तर मिश्रण उसळून साच्याबाहेर येतं. वरच्या पाककृतीला तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही ३२ ते ३५ अंशांवर मिसळा, जेमतेम ५ सेंटिमीटर खोलीच्या ट्रेमध्ये ओता, वर पंखा सोडा. लवंग-दालचिनीच्या तेलाने मिश्रण बघता बघता घट्ट होतं. सुगंधाची नवी बाटली आली की आधी १०० ग्रॅमवर चाचणी घ्या.

ओली वडी पॅक करणं
थंड पद्धतीच्या, म्हणजे मिश्रण न शिजवता केलेल्या, साबणाला सुकायला ४ ते ६ आठवडे लागतात, कोकणातल्या जुलैत त्याहून जास्त. दुकानदाराला तारीख देण्याआधी हे दिवस मोजा. वडी ११५ ते १२० ग्रॅमची कापा, म्हणजे सुकल्यावरही १०० च्या खाली जाणार नाही. दर घाण्यातल्या १० वड्यांवर खूण करून त्या आठवड्याला तोला. आठवड्यात १ ग्रॅमपेक्षा कमी घट झाली की मगच खोक्यात भरा.

रॅकवर असताना वडीवर मोहरीएवढे नारिंगी ठिपके दिसले, तर तेल खवटायला लागलंय. लोखंडी जाळी, बोअरचं पाणी, सूर्यफूल-सोयाबीनचं जास्त प्रमाण ही नेहमीची कारणं. डिस्टिल्ड पाणी वापरा, सूर्यफूल १० टक्क्यांच्या आत ठेवा, जाळीवर कागद घाला. ठिपकेवाली वडी तासून विकू नका.

परवाना नंतर बघू म्हणणं
अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. विक्रीसाठी बनवायला महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, अर्ज सीओएस-५ नमुन्यात. जागा राहत्या घरापासून वेगळी हवी. स्वतःचं युनिट परवडत नसेल तर परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर माल करून घेता येतो. लेबलवर परवाना क्रमांक, बनवल्याचा महिना आणि वर्ष, घटक, वजन, एमआरपी आणि पत्ता हवाच. 'इसब बरा होतो' असं लिहिलंत की तो औषधाचा दावा ठरतो.

उधारीची मुदत तोंडी ठेवणं
उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. पैसे अडकले तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. 'विकलं की देतो' म्हणणाऱ्या दुकानात पहिल्यांदा २४ वड्याच ठेवा, माल पोचल्याच्या चलनावर सही घ्या, आणि त्यांचे पैसे आल्यावरच पुढचा माल पाठवा.