दोस्त अडचणीत असला की इंग्लिशमधून धीर कसा द्यायचा

सोलापुरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड, गल्लीत मराठी असं असलं तरी कुणाला धीर द्यायला आपल्याला शब्द कमी पडत नाहीत, "घाबरू नको बे, आम्ही आहे की" म्हणलं की समोरच्याला बरं वाटतं. पण पुण्या-बंगळुरात कामाला लागल्यावर टीममधल्या परक्या माणसाला इंग्लिशमधूनच मेसेज करावा लागतो आणि तिथं बरेचजण सगळ्याला एकच "चिअर अप" टाकतात.

आधी बघा, त्रास अजून चालू आहे का होऊन गेलाय. चालू असेल, म्हणजे नोकरी मिळंना, आजारपण लांबलंय, तर "हँग इन देअर" म्हणा, तग धरून रहा असं. उद्या इंटरव्ह्यू किंवा पेपर असेल तर "यू गॉट धिस", तुला जमणारच. "आय गॉट युअर बॅक" म्हणजे मी तुझ्या पाठीशी आहे, हे लिहिलं तर रात्री फोन आला तरी उचलायचा बरं का. "ब्रेक अ लेग", शब्दशः पाय मोड पण अर्थ शुभेच्छा, हे मुख्यतः स्टेजवर जाणाऱ्याला म्हणतात, ऑपरेशनला चाललेल्याला अजिबात पाठवू नका.

कुणी नापास झालं तर "हार्ड लक" चालतं, ब्रिटिश लोक मायेनं म्हणतात, पण "टफ लक" नको, त्यात बऱ्याचदा मग मी काय करू असा सूर येतो.

घरात कुणी गेलं असेल तर "चिन अप", म्हणजे हिंमत धर, असं नको, आणि "एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन" तर नकोच नको, आई गेलेल्या पोराला त्यात कसलं कारण सांगताय? साधं "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस" लिहा.

आणि "लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग" वर थांबू नका, खचलेला माणूस स्वतःहून मागत नाही. "आय विल टेक युअर फ्रायडे शिफ्ट" असं नेमकं सांगा, शेवटी "नो नीड टू रिप्लाय" जोडा म्हणजे उत्तराचं ओझं राहत नाही.

पण कुणी जगायचंच नाही असं बोललं तर मेसेज टाइप करत बसू नका, लगेच फोन लावा, जवळच्या कुणाला तरी त्याच्याकडं पाठवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, तो फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीतपण बोलता येतं.