क्रॅटम घेणाऱ्याला बाकीच्या नशांबद्दल कसं विचारावं

‘आणखी काही नशा करता का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही.’ क्रॅटम म्हणजे आग्नेय आशियातल्या एका झाडाचा, अफूसारखा परिणाम करणारा पाला. अमेरिकेत ते पेट्रोल पंपावरही मिळतं आणि अनेकांच्या लेखी तो औषधी पाला असतो. म्हणून समुपदेशकाने घड्याळ धरून विचारावं: काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय घेतलं? दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, नैराश्याची औषधं, खोकल्याचं सिरप, प्रत्येकाचं नाव घ्यावं. वेळ आणि मात्रा लिहावी. मग तेच गेल्या ३० दिवसांबद्दल.

पाकीट मात्र हातात घेऊनच बघावं. पानांची पूड ग्रॅममध्ये मोजतात. ७-हायड्रॉक्सीमिट्रागायनिन या क्रॅटममधल्या रसायनाच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये आणि कितीतरी जहाल. ‘एक चमचा’ हे माप नव्हे, पूड काट्यावर तोलायला सांगावी.

आधी काय सुरू झालं, हा प्रश्न सर्वांत मोलाचा. हेरॉइन किंवा अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या सुटाव्यात म्हणून क्रॅटम धरलेल्या माणसाला ‘आजच बंद करा’ म्हणू नये. तो जुन्या नशेकडे वळू शकतो, आणि सवय मोडलेल्या शरीराला जुनी मात्रा जीवघेणी ठरते. त्याच्याशी ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय व्यसनावरच्या औषधाच्या उपचाराबद्दल बोलावं.

खरा धोका मिश्रणात आहे. अमेरिकेतल्या २७ राज्यांच्या २०१६-१७ मधल्या नोंदींत अतिमात्रेने मेलेल्या १५२ जणांच्या शरीरात क्रॅटम सापडलं. त्यांतल्या सुमारे ६५ टक्के जणांत फेंटानिल हे अतिजहाल अफूवर्गीय औषध किंवा त्याचे भाईबंदही होते. दारू आणि झोपेच्या गोळ्याही श्वास मंदावतात. शिवाय क्रॅटममधलं मुख्य रसायन मिट्रागायनिन यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम अडवतं. सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्याच वाटेने निकालात निघतं, त्यामुळे ते रक्तात साचतं. नैराश्याच्या काही औषधांचंही तसंच होतं.

लघवीच्या नेहमीच्या पट्टीवर क्रॅटम दिसत नाही, प्रयोगशाळेला ते वेगळं सांगावं लागतं. अल्प्राझोलामसारखी चिंता शमवणारी गोळी रोज चालू असेल तर ती एकदम तोडू नये, झटके येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी.

घरच्यांना नॅलोक्सोनचा, म्हणजे अफूवर्गीय नशेचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाचा, नाकातला स्प्रे द्यावा. हाक मारून उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील तर ९११ हा अमेरिकेतला आपत्कालीन क्रमांक लावून एका नाकपुडीत फवारावा, श्वास देत राहावा. २-३ मिनिटांत फरक नसेल तर दुसरा फवारा. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर तो चालत नाही, म्हणून माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णवाहिका परत पाठवू नये.