पावसाळ्यात या चुका टाळा : बेळगाव सीमाभागातील रहिवाशांसाठी

कृष्णाकाठी पूर येतो तेव्हा पुष्कळदा गावावर ऊन पडलेले असते. यडूर, कल्लोळ, मांजरी, अंकली या गावांच्या पुराचे पाणी सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतून येते. कोयनेच्या १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या धरणातून सोडलेला विसर्ग आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळणारी पंचगंगा हे सारे शिरोळ तालुक्यातील, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून आपल्याकडे उतरते, तर काळम्मावाडी आणि पाटगाव या धरणांचे पाणी दूधगंगा-वेदगंगेतून निपाणी आणि चिक्कोडी तालुक्यांत शिरते. त्यामुळे आपल्या अंगणातील पावसावरून नदीचा अंदाज बांधणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

विसर्गाचा एकटा आकडाही फसवतो. राजापूर बंधाऱ्यावरून इतके हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी येत आहे, एवढेच ऐकून घाबरण्यात किंवा निश्चिंत होण्यात अर्थ नाही. कालच्या तुलनेत तो वाढतो आहे की उतरतो आहे, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले आहेत की मिटले आहेत आणि आपल्या गावच्या पुलाच्या खांबावरील खूण तासाभरात किती बुडाली, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. घटप्रभाकाठच्या लोकांनी हिडकल धरणाचा साठा याच पद्धतीने पाहावा, कारण ते धरण भरत आले की गोकाककडील पात्र पावसाची उघडीप असतानाही फुगते, आणि त्यातच मार्कंडेय नदी येऊन मिळते.

नदीकाठच्या पाणी उपसण्याच्या मोटारी हा मला सर्वांत अस्वस्थ करणारा विषय आहे. पाणी वाढू लागले की शेतकरी काठावरची मोटर आणि पाइप वाचवण्यासाठी धावतो. मोटारीची किंमत आणि डोक्यावरचे कर्ज लक्षात घेता त्याची ती धावपळ समजण्यासारखी आहे. परंतु चिखलाने निसरडा झालेला काठ, खालून पोखरलेली दरड आणि चालू असलेला वीजपुरवठा या तिन्हींचा सामना तो एकाच वेळी, बहुधा अंधारात आणि एकटा करत असतो. मोटर वर घेण्याची वेळ इशारा मिळाल्याच्या दिवशी, उजेडात असते. त्या वेळी आधी स्टार्टर बंद करावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, किमान दोघे सोबत घ्यावेत आणि पाणी मोटारीच्या चौथऱ्याला लागले असेल तर ती सोडून द्यावी. तुटलेली तार किंवा कललेला खांब दिसल्यास काठीने बाजूला करण्याचा प्रयत्न करू नये. हेस्कॉम या वीज कंपनीला १९१२ या क्रमांकावर कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिथे राखण ठेवावी.

बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना दुचाकी घालणाऱ्यांची संख्या दरवर्षी तेवढीच राहते, कारण पलीकडची वाडी डोळ्यांसमोर असते आणि वळसा लांबचा पडतो. वाहते पाणी अर्धा फूट खोल असले तरी माणसाचा पाय सुटतो आणि एक फूट झाले की लहान मोटारगाडी तरंगू लागते. पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेला आहे, हे वरून कोणालाही दिसत नाही.

गावातून वेळेवर बाहेर न पडण्याचे खरे कारण बहुतेक घरांत जनावरे हे असते. म्हणून स्थलांतराचा विचार माणसांऐवजी गोठ्यापासून सुरू करावा: उंचावरची जागा आणि वैरण आधी ठरवावी, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्याव्यात आणि काही कारणाने जनावर मागे ठेवावेच लागले तर त्याचे दावे सोडावे. बांधलेल्या जनावराला पोहता येत नाही.

पाऊस थांबला की धोका संपला, असे समजणे ही मातीच्या घरांबाबत घातक चूक आहे. अनेक दिवस भिजलेली भिंत आतून जड आणि मऊ झालेली असते आणि ती उघडीप पडल्यावरही कोसळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे घराची भिंत कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. तो जुलैच्या महापुराचा काळ नव्हता, हे ध्यानात ठेवावे. भिंतीला नवी उभी भेग पडणे, पायथ्याशी माती सुटणे, दार एकाएकी घट्ट बसणे किंवा तुळईचे टोक भिंतीतून सरकणे यांपैकी एकही खूण दिसली तर त्या खोलीत झोपू नये, आणि शेजारच्या पडक्या घराची भिंत आपल्या बाजूला झुकली असेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवावे.

घर पडलेच, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत होणाऱ्या चुकांमुळे भरपाई हातची जाते. पाहणी होण्याआधी ढिगारा उचलणे ही त्यांतील पहिली. २०१९ च्या पुरानंतर पडझडीच्या प्रमाणानुसार घरांची अ, ब आणि क अशी वर्गवारी झाली होती आणि अ वर्गातील घरासाठी पाच लाख रुपये ठरले होते. पथक येण्याआधी जागा साफ केली असेल तर पडझड किती होती हे दाखवायला काहीच उरत नाही. जीव वाचवण्यासाठी जे हलवावे लागेल ते हलवावे, परंतु बाकी काही उचलण्याआधी चारही बाजूंनी, घराचा क्रमांक दिसेल अशी छायाचित्रे काढावीत आणि तलाठी व पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यांना त्याच दिवशी अर्ज देऊन पोच घ्यावी. नुसते तोंडी सांगितलेले नोंदीत येत नाही.

दुसरी अडचण आपल्या भागात अधिक जाणवते. घर अजून आजोबांच्या नावावर असते, उताऱ्यावरील नाव कन्नड पद्धतीने लिहिलेले असते, आधारवर आडनाव वेगळे पडलेले असते आणि बँक खाते आधारशी जोडलेले नसते. रक्कम थेट खात्यात जमा होत असल्याने यातील कोणतीही एक विसंगती ती अडवू शकते, आणि पूर आल्यावर ती दुरुस्त करायला कोणाकडेही वेळ नसतो. वारसा नोंद आणि नावाची दुरुस्ती ही मे महिन्यातच उरकण्याची कामे आहेत. कन्नडमधील नोटीस वाचता येत नाही म्हणून ती बाजूला ठेवू नये. गावातील शिकलेल्या मुलामुलींकडून त्याच संध्याकाळी वाचून घ्यावी, कारण हरकतीची मुदत नोटिशीवरील तारखेपासूनच मोजली जाते.

पिण्याच्या पाण्याविषयी एक गैरसमज अजून घट्ट आहे. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, परंतु जंतू मरत नाहीत. पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी उपसावी, मगच ब्लीचिंग पावडर घालावी. ताजी, चांगल्या प्रतीची पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते आणि त्यानंतर किमान अर्धा तास पाणी उपसू नये. उघड्या पोत्यातील पावडरीचा क्लोरीन उडून जातो, त्यामुळे गेल्या वर्षीचे उरलेले पोते विश्वासाचे नाही. शंका असल्यास पाणी खळखळ उकळून प्यावे.

बेळगाव शहरात अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नसल्याने घरोघरी पिंप आणि टाक्या भरून ठेवल्या जातात आणि डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. धूरफवारणीची मागणी करून थांबणे ही येथील नेहमीची चूक आहे, कारण धुराने उडते डास मरतात, पिंपातील अळ्या तशाच राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतील कडा घासावी; कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात.

बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव आणि येळ्ळूर शिवारातील भातात शिरते, तेव्हा त्याच्या मुळाशी गाळ, जलपर्णी आणि शहरातून टाकलेला कचरा असतो. नाला साफ करण्याचे निवेदन भात बुडाल्यावर जुलैत देण्यापेक्षा एप्रिलमध्ये, गाळ साचलेल्या जागांच्या छायाचित्रांसह आणि शेतकऱ्यांच्या सर्व्हे नंबरसह द्यावे. अर्ज योग्य दारी जाणेही तितकेच महत्त्वाचे आहे: शहरातील गटारे महानगरपालिकेकडे, कॅम्पातील कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, गावातील ग्रामपंचायतीकडे आणि महामार्गालगतचे तुंबलेले मोरीचे तोंड महामार्ग प्राधिकरणाकडे. हद्दीवरच्या वसाहतींनी एकच अर्ज दोन्ही कार्यालयांना द्यावा, प्रत्येक प्रतीवर दुसऱ्या कार्यालयाला प्रत दिल्याचे लिहावे आणि दोन्हींवर आवक क्रमांक व शिक्का घेऊनच परतावे.